'रडू नको, तो प्रभूकडे गेला' आणि त्यानंतरची पस्तीस वर्षं

एका ताईंचा प्रश्न आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून, त्यांच्या परवानगीनं थोडक्यात सांगते. वय सेहेचाळीस. वडील सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती प्रचारक होते. ताई अकरा वर्षांच्या असताना सहा वर्षांचा धाकटा भाऊ मळ्यातल्या विहिरीत बुडाला. त्या वेळी त्या हाकेच्या अंतरावर धुणं धूत होत्या. विहिरीवर डिझेल इंजिन चालू होतं, त्यामुळे काही ऐकूच आलं नाही. वडील धावत आले आणि एकच वाक्य बोलले, "तुझं ध्यान कुठं होतं?" दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "रडू नको बाळा, तो प्रभूकडे गेला. रडणं म्हणजे अविश्वास." त्या रडल्या नाहीत. घरात भावाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हाही डोळे कोरडेच. मागच्या महिन्यात लाइट गेली म्हणून सोसायटीतला जनरेटर सुरू झाला, डिझेलचा वास जिन्यात आला आणि त्या पायरीवर बसून अर्धा तास हमसून हमसून रडल्या.

त्या विचारतात: "मी उपवास-प्रार्थनेत तीनदा पुढे जाऊन सगळ्यांना क्षमा केली आहे. मग हे काय? माझा विश्वास कमी पडतोय का? हे म्हणतात, झालं गेलं सोडून दे, बायबलात पौलानंच सांगितलंय मागचं विसरायला. आणखी एक. भावाच्या कबरीवर साधी खूणसुद्धा नाही. पाटी लावावी असं वाटतं, पण आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. जखम उकरल्यासारखं होईल का?"

ताई, तुमच्या विश्वासाची काळजी आधी बाजूला ठेवा. जिन्यात जे झालं ते विश्वास कमी पडल्यामुळे झालेलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीचं रडणं पस्तीस वर्षं उशिरा आलं, एवढंच. ते आलं याचं मला बरं वाटलं.

चोवीस वर्षं मी एका मिशन हॉस्पिटलात चॅप्लेन होते. वॉर्डात फिरायचं, खाटेशी बसायचं, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची. निवृत्तीनंतर घरीच समुपदेशन करते. या कामातली माझी पहिली मोठी चूक सांगते, कारण तुमच्या पाळकसाहेबांवर दगड मारायचा मला अधिकार नाही. नोकरीला लागून तीन-चार महिने झाले होते. प्रसूतीच्या वॉर्डात एका बाईचं बाळ जन्मून काही तासांतच गेलं. मी हातात बायबल घेऊन गेले आणि तिला ईयोबाचं, बायबलातल्या सगळी मुलं एका दिवसात गमावलेल्या माणसाचं, वाक्य ऐकवलं, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला. तिथं एक म्हाताऱ्या आयाबाई होत्या. त्यांनी मला बाहेर नेलं आणि म्हणाल्या, "बाई, ते ईयोब स्वतःच्या तोंडानं म्हणला होता. त्याला कुणी दुसऱ्यानं ऐकवलं नव्हतं."

इतकं नेमकं भाष्य मी नंतर कुठल्याही शिबिरात ऐकलं नाही. त्या रात्री घरी येऊन ईयोबाचं पुस्तक पुन्हा काढलं. पहिल्या अध्यायात तो हे वाक्य म्हणतो. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. आपण पहिलं वाक्य दफनाच्या वेळी वाचतो आणि तिसरा अध्याय मिटून ठेवतो. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. तोंड उघडल्यापासून बिघडत गेलं.

तर 'रडणं म्हणजे अविश्वास' हे शास्त्रात नाही. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की आशा नसलेल्या इतरांसारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही. बेथानी गावात मित्र लाजर मेला तेव्हा येशूला पुढच्या घटकेला आपण काय करणार हे ठाऊक होतं, लाजर कबरेतून बाहेर येणार हे ठाऊक होतं, तरी तो रडला. पुनरुत्थान समोर दिसत असतानाही त्याला रडू आवरलं नाही. मग विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या पोरीकडून आपण कसल्या विश्वासाची अपेक्षा करत होतो?

तुमच्या यजमानांचं वचनही पाहू. पौलानं मागचं सोडून पुढे धाव घेण्याबद्दल लिहिलंय, फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात. पण त्याच अध्यायात जरा वर पाहा, मागे टाकायची यादी कसली आहे. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे कडक नियम पाळणारा. त्यानं मागे टाकली ती आपली मोठेपणाची प्रमाणपत्रं. जखमांबद्दल तिथं अक्षर नाही. उलट करिंथकरांना लिहिताना तो किती वेळा फटके खाल्ले, किती वेळा गलबत फुटलं, हे मोजून सांगतो. विसरलेल्या माणसाला आकडे आठवत नाहीत. (यजमानांवर रागावू नका. माणसं हे वचन प्रेमानंच फेकतात. समोरच्याचं रडणं बघवत नाही म्हणून.)

पुरलेल्या दुःखाविषयी मला सगळ्यात जास्त शिकवलं ते योसेफानं. त्याची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये रंगीत झग्यापासून सुरू करतो आणि थेट राजवाड्यात नेऊन ठेवतो. मधलं राहून जातं. भावांनी त्याला कोरड्या खड्ड्यात टाकलं, विकलं, आणि तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम म्हणून गेला. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात हे सगळं आहे, पण त्या खड्ड्यातून योसेफ काय ओरडला हे तिथं लिहिलेलंच नाही. जेवायला बसलेले भाऊ दिसतात, आवाज मात्र नाही. तो आवाज आपल्याला कळतो बेचाळिसाव्या अध्यायात, वीस वर्षं उलटून गेल्यावर, तोही भावांच्या तोंडून. तो आपल्याला काकुळतीनं विनवत होता आणि आपण ऐकलं नाही, असं ते एकमेकांना सांगतात. तुमच्या गोष्टीतही एक इंजिन चालू होतं, ताई. ऐकू न आलेले आवाज कुठं जातात ते त्या अध्यायात बघा.

मधल्या काळात योसेफाचं उत्तम चाललेलं असतं. मोठा हुद्दा, बायको, दोन मुलगे. थोरल्याचं नाव तो मनश्शे ठेवतो आणि कारणही सांगतो: देवानं मला माझ्या सगळ्या कष्टांचा आणि बापाच्या घराचा विसर पाडला. आता बघा, ज्याला खरंच विसर पडला तो पोराच्या नावात ते कोरून ठेवेल का? रोज अंगणात हाक मारायची, "विसर, जेवायला ये!" आणि पुढच्याच अध्यायात भाऊ धान्य मागायला दारात उभे राहतात, तेव्हा हा बाजूला जाऊन रडतो. पुन्हा भेटतात, तेव्हा आतल्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुतो, बाहेर येऊन जेवण वाढायला सांगतो. ते तोंड धुणं मला फार ओळखीचं वाटतं. आपल्या कितीतरी बायका रोज स्वयंपाकघरात तेच करतात. तिसऱ्या वेळी मात्र तो इतक्या मोठ्यानं रडतो की बाहेर मिसरी लोकांना ऐकू जातं. सतराव्या वर्षी भावांचा द्वेष सोसलेला पोरगा एकोणचाळिसाव्या वर्षी मोकळा झाला. मधे बावीस वर्षं गेली. तुम्हाला पस्तीस लागली. देवाच्या घरी याची पावती फाडत नाहीत.

आता क्षमेबद्दल. इथं थोडं सावकाश बोलायला हवं.

तुम्ही तीनदा पुढे जाऊन 'सगळ्यांना' क्षमा केलीत. त्या 'सगळ्यांत' वडील होते का? "तुझं ध्यान कुठं होतं" हे वाक्य तुम्ही कधी देवासमोर, शब्द न बदलता, मोठ्यानं उच्चारलंत का? मला वाटतं, नाही. तुम्ही ठोक भावात क्षमा केलीत. उपवास-प्रार्थनेत होतं असं. वर पेटीवर गाणं चाललेलं असतं, वक्ता म्हणत असतो, आत्ताच, याच घटकेला सोडून द्या. माणूस हात वर करतो. त्यात खोटं काही नसतं, पण सोडून दिलेली थैली उघडून पाहिलेलीच नसते.

क्षमेचा दाखला येशूनं सांगितला, त्यात राजा आधी चाकरांचा हिशोब घ्यायला बसतो. वही उघडतो, कर्जाचा आकडा समोर येतो, तो कधीच फिटणार नाही हे दिसतं, आणि मग त्याला कळवळा येतो. आकडा न वाचता माफ केलेलं कर्ज वहीत तसंच राहतं. योसेफाचंही तेच. भावांना तो जे म्हणतो त्यातलं अर्धंच वाक्य आपण भिंतीवर लावतो, देवानं ते चांगल्यासाठी योजलं. त्याच्या आधीचं अर्धं असं आहे: तुम्ही माझं वाईट योजलं होतं. त्यानं ते गिळलं नाही, तोंडावर सांगितलं. मग दिलासा दिला.

वडिलांच्या बाबतीत तर मी म्हणेन, क्षमेची घाईच करू नका. आधी तक्रार करा. त्या माणसाचं पोर गेलं होतं, तो क्षणभर वेडा झाला असेल, हे सगळं तुम्ही सेहेचाळिसाव्या वर्षी समजू शकता. अकरा वर्षांच्या मुलीला ते समजायची गरज नव्हती. तिला कुणीतरी जवळ घ्यायला हवं होतं. वडिलांची वकिली करणारी सेहेचाळीस वर्षांची बाई जरा वेळ बाहेर बसू दे. आत जी आहे तिला आधी बोलू दे.

ते कसं करायचं? मी वापरते ती रीत बायबलातल्या स्तोत्रसंहितेतून घेतलेली आहे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. तेरावं स्तोत्र काढा. सहाच वचनं. त्यात "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. देवाला नावानं हाक, मग तक्रार, मग मागणी, आणि शेवटी जमलं तर भरवसा. जमलं तर असं मी मुद्दाम म्हणते, कारण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात शेवटी भरवसा येतच नाही. ते अंधारात संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही.

एक साधी वही घ्या. सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं. याच मुदतीत लिहिण्याचे प्रयोग जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ पासून करून पाहिले आहेत, पण ती स्तोत्रं रचणारा दावीद त्याच्या आधीचा. त्या दिवशीचं लिहा. कुठलं धुणं होतं, ऊन कुठवर आलं होतं, पाण्याचा हौद, इंजिनाचा आवाज. वडिलांचं वाक्य जसंच्या तसं. त्याखाली तुम्ही त्यांना तेव्हा काय म्हणणार होतात ते. मग देवाला काय विचारायचंय ते. शुद्धलेखन, वचनांचे संदर्भ, "तरी तुझी इच्छा होवो", यातलं काही नको. आभाराचं वाक्य आपसूक आलं तर येऊ द्या, ओढून आणू नका. लिहून झालं की उठा, पाणी प्या, घरातलं काहीतरी करा. झोपायच्या तोंडावर लिहू नका. पहिले एक-दोन दिवस जीव जड होईल, ते धरूनच चला.

एका आजोबांची आठवण होते. ऐंशीच्या पुढचे, शेवटच्या आजारात होते. चाळीस वर्षांपूर्वी मोठ्या मुलाशी भांडण झालं, मुलगा घर सोडून गेला आणि परत भेट व्हायच्या आत अपघातात वारला. त्यांना लिहिता येत नव्हतं. मी लिहून घेतलं. तीन दुपारी लागल्या. शेवटच्या दिवशी म्हणाले, "वाचून दाखवा." मी वाचलं. ते ऐकत राहिले आणि मधेच म्हणाले, "तिथं 'रागावलो' लिहिलंय, ते 'मारलं' असं करा." मी खोडून 'मारलं' लिहिलं. त्या एका शब्दासाठी चाळीस वर्षं लागली होती. पुढे आठवडाभर ते होते. मुलाचं नाव आल्या-गेल्याला सांगत राहिले.

वही झाली की ती कुणातरी एकाला वाचून दाखवा. एकालाच. साक्ष म्हणून चर्चच्या मंडळीपुढे उभं राहू नका, निदान आत्ता तरी नाही. आणि प्रार्थनेच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. आपल्याकडे "प्रार्थनेचा विषय" म्हणून सांगितलेली गोष्ट रविवारच्या उपासनेआधी तीन गल्ल्या फिरून येते, हे तुम्हालाही माहीत आहे. माणूस असा निवडा, ज्याला गप्प बसता येतं आणि ज्याच्याकडे वचनांचा साठा जरा कमी आहे. कॅथलिक मंडळींना पापनिवेदनाची सोय आहे, तिथं गुप्ततेचा नियम कडक असतो. पण तुम्ही इथं पाप सांगायला आलेल्या नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळलं पाहिजे. ध्यान नव्हतं हे पाप नव्हे. धुणं धुणाऱ्या मुलीवर सहा वर्षांच्या पोराची जबाबदारी टाकणं हीच मुळात मोठ्यांची चूक होती.

डिझेलच्या वासाचं भय वाटतं असंही तुम्ही लिहिलंय. बायबलच्या नवीन करारात 'कोळशांचा विस्तव' दोनच ठिकाणी येतो, दोन्ही योहानाच्या शुभवर्तमानात. पहिला मुख्य याजकाच्या अंगणात. येशूला पकडून तिथं नेलं होतं. थंडी होती, त्याचा शिष्य पेत्र शेकत उभा होता आणि तिथंच तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. दुसरा समुद्रकाठी, पुनरुत्थानानंतर. पेत्र पोहत काठाला येतो तो पुन्हा कोळशांचाच विस्तव, वर मासळी, शेजारी भाकर. तो धूर नाकात गेल्यावर पेत्राच्या पोटात काय झालं असेल! येशूला वेगळी चूल मांडता आली असती. त्यानं तोच वास पुन्हा समोर ठेवला, पण या वेळी "या, न्याहारी करा" म्हटलं. आधी खाऊ घातलं. विचारायचं ते नंतर विचारलं, तीनदा. तुम्हाला उद्याच विहिरीवर जा असं मी सांगत नाही. मात्र पुढच्या वेळी जनरेटर चालू झाला तर पळून जाऊ नका. तिथंच बसा, श्वास घ्या, पायाखालची फरशी चाचपा, आणि मनातल्या मनात भावाला नावानं हाक मारा.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण देते. पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात, तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. उंचीनं लहान म्हणून त्यांना तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. तेव्हा त्या चोविशीच्या आत होत्या. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडातला. पण मनाला खरी शांती मिळाली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा धर्म हाती लागला होता, ख्रिस्त नंतर भेटला. अजून का बरं वाटत नाही म्हणून स्वतःला कोसणाऱ्यांना मी हे सांगते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली गोळा करून आणल्या, त्यामागे आपल्या घरची ती उपासमार होती. मात्र कामात गाडून घेतलं की दुःख जातं, असा अर्थ यातून काढू नका. त्या भुकेबद्दल रमाबाई गप्प राहिल्या नव्हत्या, त्यांनी ती लिहिली, सांगितली.

काही गोष्टी माझ्या हातातल्या नाहीत, त्याही सांगते. झोप उडाली, आठवडेच्या आठवडे जेवण जात नाही, जगू नये असं वाटायला लागलं, तर वही बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही जागा आहे. ते वेड नव्हे आणि अविश्वासही नव्हे. गोळी घेतली तर प्रार्थना बाद होत नाही. लूक स्वतः वैद्य होता, त्याच्या शुभवर्तमानाला आजवर कुणी कमी लेखलेलं नाही. आणि ज्यांच्या जुन्या जखमेत मारहाण किंवा लैंगिक अत्याचार आहे आणि तो माणूस अजून घरात किंवा मंडळीत वावरतो, त्यांना मी आधी क्षमा शिकवत नाही. आधी सुरक्षितता, आधी पोलीस. क्षमा म्हणजे दार उघडं ठेवणं नव्हे.

राहिली पाटी.

लावा. उकरणं होईल का, असं तुम्ही विचारता. ज्या जागेवर खूणच नाही ती जागा रोज उकरली जाते, फक्त ते कुणाला दिसत नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होते. शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्यानं तेच दाखवले.

आधी मंडळीच्या सेक्रेटरींना भेटा. जुन्या दफनाच्या नोंदवहीत तारीख आणि जागा मिळण्याची शक्यता असते. ओळी वाकड्या असतात, शाई उडालेली असते, पण म्हाताऱ्या चौकीदाराला बरोबर घेतलं तर जागा सापडते. इस्टरच्या पहाटे लोक फुलं घेऊन कबरस्थानात येतात, त्या गर्दीत जाऊ नका. एखाद्या आडवारी जा. साधा कडप्पा पुरे. गवंड्याला सांगून खाली सिमेंट घालून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात कलतो. वचन कोरलंच पाहिजे असं नाही.

आणि आईला आधी विचारा. "पाटी लावू का?" असं विचारलंत तर ती नको म्हणेल, तिला पस्तीस वर्षांची सवय आहे. तिच्याजवळ बसा, भाजी निवडत असेल तेव्हा, हाताला काम असताना. विचारा, पाटीवर कुठलं नाव घालायचं, बाप्तिस्म्याचं की तू त्याला घरात हाक मारायचीस ते. मग गप्प बसा. ती कदाचित बराच वेळ काही बोलणार नाही. भाजी संपली तर दुसरी पुढे ठेवा.